रेघेच्या आत

थोरलीने तीच कमांड तिसऱ्यांदा टाइप केली, एंटर दाबले आणि हाताची घडी घालून बसली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकल्या आणि आधी दोनदा जिथे थांबल्या होत्या तिथेच येऊन थांबल्या. तुटलेली पॅकेजेस, म्हणजे सिस्टीमचे मोडलेले भाग, एकशे बारा. मघाशी एकशे नऊ होती.

"वाढली का हो, वहिनी?" मागून धाकट्या जावेने विचारले.

"वाढली नाहीत. नव्यानं मोजलीत त्यानं," थोरली मान न वळवता म्हणाली.

असे काही नसते हे दोघींनाही माहीत होते. धाकटीने समजुतीने मान डोलावली, आणि ते थोरलीला बोलण्यापेक्षा जास्त लागले. पलीकडे कापणीच्या टेबलापाशी सासूबाई कात्रीला तेल देत उभ्या होत्या. सकाळचे साडेनऊ झाले होते आणि उद्या दुपारपर्यंत एका हॉस्पिटलच्या कर्मचाऱ्यांच्या पँटचे सहा मापांचे साचे त्या पँट शिवणाऱ्या कारखान्यात पोचायचे होते. अजून एकही छापला नव्हता.

घराचा खालचा मजला म्हणजे यांचे वर्कशॉप. कपड्यांचे कागदी साचे करून शिवणाऱ्यांना पुरवायचे, हा धंदा. साचा कॉम्प्युटरवर आखायचा, प्लॉटरवर छापायचा आणि मग कात्रीने कापायचा. प्लॉटर म्हणजे पलंगाएवढा रुंद प्रिंटर. एका बाजूने कागदाचा गुंडा आत ओढायचा, दुसऱ्या बाजूने रेघा मारून बाहेर सोडायचा. आखणे आणि छापणे थोरलीकडे, कापणे सासूबाईंकडे. दोघींचे नवरे, म्हणजे दोघे भाऊ, बाहेरचे बघत, म्हणजे गिऱ्हाईक, माल पोचवणे आणि त्या निमित्ताने चार ठिकाणी चहा पिणे.

नऊ वर्षांपूर्वी साचे आखायचे विकतचे सॉफ्टवेअर परवडेना, तेव्हा थोरलीने दोन जाड पुस्तके आणि इंटरनेटवरची अनोळखी माणसे यांच्या भरवशावर या कॉम्प्युटरवर लिनक्स ही फुकटची सिस्टीम चढवली. तेव्हापासून तो कधीही पुसला नव्हता. नवी आवृत्ती आली की जुन्यावरच अपडेट. असे सहा वेळा झाले. दर वेळी काहीतरी मोडे, दर वेळी ती ते बसवी, आणि बसवलेल्यावर पुढचे चढवी. त्यामुळे तो चालू करायचीही एक रीत होऊन बसली होती. बटण दाबायचे, पहिली चूक आली की एंटर, दुसरी आली की एस्केप, मग पडदा काळा झाला तरी हात लावायचा नाही, चाळीसपर्यंत आकडे मोजायचे. ही रीत घरात दुसऱ्या कोणाला येत नव्हती आणि थोरलीने ती कोणाला शिकवलीही नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची. घरात सगळे त्याला 'वहिनींचा कॉम्प्युटर' म्हणत, तेव्हा ती ऐकून न ऐकल्यासारखे करी आणि तो दिवस बरा जाई.

धाकटी लग्न होऊन आली त्याला आठ महिने झाले होते. शिकलेली कॉम्प्युटरमधलीच. आठवड्यातले चार दिवस एका ऑफिसात जाऊन असलेच दोनशे कॉम्प्युटर सांभाळायची आणि उरलेल्या दिवशी खाली येऊन पडेल ते काम करायची. गेल्या आठवड्यात ती सहज बोलून गेली होती, "वहिनी, हे फारच जुनं झालंय. याला आता सुरक्षेचे अपडेटसुद्धा येत नसतील." त्यावर थोरली हसली होती आणि काल संध्याकाळी, ऑर्डर तोंडावर असताना, केवळ दाखवून द्यायचे म्हणून सातवे अपडेट लावून मोकळी झाली होती. तेही मधली एक आवृत्ती गाळून. त्रेसष्ट टक्क्यांवर ते अडले. अडले म्हणून तिने बटण दाबून बंद केले, आणि आज हे एकशे बारा.

"वहिनी, एक सांगू?" धाकटी म्हणाली. "पेनड्राइव्हवरून चालू करते, तुमचं सगळं काम बाहेर काढून घेते आणि पुसून नव्यानं टाकते. तासाभरात होईल."

"पुसून टाकायला काय लागतं? पुसायला कोणालाही येतं."

"तसं नाही हो. पण नऊ वर्षांचा गाळ आहे आत. एक ओढलं की दुसरं निघतंय. हे बसवत बसलो तर उद्याची दुपार अशीच जाईल."

गाळ. थोरलीने तो शब्द तोंडात धरून ठेवला. तिचे एकेक बसवलेले, जुळवलेले, आठवडे घालून सोडवलेले सगळे, त्याला ही पोर गाळ म्हणाली. कानामागून आली आणि तिखट झाली.

"अगं, करू दे की तिला," सासूबाई कात्री पुसत म्हणाल्या. मग थोरलीकडे बघून जपून म्हणाल्या, "म्हणजे, तुला बरं वाटत असेल तर हो, बाई."

हेच ते. हेच थोरलीला आताशा सहन होत नव्हते. अकरा वर्षांत सासूबाई तिच्याशी एकदाही आवाज चढवून बोलल्या नव्हत्या. 'छान केलंस हो, बाई', 'तुला जमेल तसं कर हो, बाई.' मैत्रिणी म्हणायच्या, नशीब काढलंस, अशी सासू शोधून सापडायची नाही. तिलाही तो मान वाटे. आणि मग धाकटी आली. पहिल्याच आठवड्यात तिने कागदाचे टोक वाकडे धरले, तेव्हा सासूबाई कडाडल्या होत्या, "अगं धांदरटे, कागद धर म्हटलं तर चादर झटकल्यासारखी काय धरतेस!" थोरली श्वास रोखून बघत राहिली, की आता ही पोर रडणार. तर ती पोर खो खो हसली आणि म्हणाली, "आई, तुमच्या कात्रीलाच धार नाही, माझ्यावर कशाला ढकलता?" त्यावर सासूबाईही हसल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. तेव्हापासून दिवसातून दहादा हे चाले, ती बोलणी, ती उलट उत्तरे, ते हसणे. थोरली कॉम्प्युटरपुढे पाठ करून बसे आणि एकेक शब्द ऐके. आपल्याला कोणी धांदरट म्हणावे असे वाटायचे वय नव्हे, हे तिला कळत होते. तरी वाटे.

"कर," ती खुर्चीवरून उठत म्हणाली. "मला काय, काम झाल्याशी मतलब."

धाकटी बसली. बसताना तिने खुर्ची दोन बोटे वर घेतली. थोरलीने तेही पाहून ठेवले.

पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर चालू झाला. धाकटीने आपली हार्डडिस्क जोडली, थोरलीचे सगळे फोल्डर तिच्यावर काढून घेतले, मग काढलेले आणि मूळचे एकेक करून ताडून पाहिले. घाई नव्हती, चूक नव्हती. थोरली नाव ठेवायला जागा शोधत होती आणि ती मिळत नव्हती.

"साचे आले, मापं आली, गिऱ्हाइकांची पत्रं आली," धाकटी म्हणाली. मग ती वळली. "वहिनी, तुमच्या फोल्डरांच्या बाहेर काही आहे का? सिस्टीमच्या फायलींमध्ये हातानं काही बदललंय तुम्ही? प्लॉटरसाठी वगैरे? असलं तर आत्ताच सांगा, पुसल्यावर मिळायचं नाही."

टेबलाच्या खणात थोरलीची एक लांबोडकी वही होती. तिच्या पहिल्याच पानावर लाल शाईने एक आकडा लिहिला होता, १.००३, आणि त्याला चौकट.

तो आकडा म्हणजे थोरलीच्या शहाणपणाचा कळस. प्लॉटरचा कागद ओढणारा रबरी रूळ झिजला होता, त्यामुळे कागद जरा कमी ओढला जाई आणि मीटरभर लांबीची रेघ तीन मिलिमीटर आखूड येई. पँटची लांबी आखूड म्हणजे शे-दोनशे पँटी आखूड. तिने तीन आठवडे खपून ते शोधून काढले आणि सिस्टीमच्या एका आडबाजूच्या फाइलीत हा आकडा घातला. मीटरमागे तीन मिलिमीटर जास्त छाप, म्हणजे बरोबर येईल. आणि आले. तेव्हापासून कापलेला साचा तिने पट्टीने मोजावा आणि तो बिनचूक निघावा, वर्षानुवर्षे.

तिने खण उघडला. वही दिसली. खण बंद केला. मग पुन्हा उघडला, उगाच एक पेन्सिल काढली, आणि पुन्हा बंद केला.

"नाही," ती म्हणाली. "तसलं काही नाही."

धाकटीने क्षणभर तिच्याकडे पाहिले. "बरं," म्हणाली आणि पडद्याकडे वळली. पुसू का, असे कॉम्प्युटरने विचारले. तिने हो म्हटले.

आपण खोटे बोललो, हे थोरलीला लख्ख कळत होते. तिने मनाशी समजूतही घातली, की कापड काही फुकट जाणार नाही, साचा कापल्यावर मी मोजतेच, तेव्हा कळेलच. फक्त तिला कळेल. आईंनाही कळेल. एवढेच कळायला हवे आहे. बाकी आपल्याला काही नको. आणि ती खिडकीपाशी उभी राहून देव पाण्यात घालून बसल्यासारखी वाट बघू लागली.

चाळीस मिनिटांत काम झाले. धाकटीने कॉम्प्युटर बंद करून चालू केला. चूक आली नाही, एंटर नाही, एस्केप नाही. सासूबाईंनी सवयीने "एक, दोन, तीन" सुरू केले होते. त्या अकरावर होत्या तेव्हा पडदा उघडला.

"झालं?" त्या म्हणाल्या. "मी म्हटलं अजून चाळीस व्हायचेत."

त्याच वेळी थोरलीचा नवरा कागदाचा नवा गुंडा खांद्यावर घेऊन आत आला. पडद्याकडे बघत म्हणाला, "अरे वा! म्हणजे आता मीसुद्धा चालू करीन की!"

"तुम्ही आधी घरातला मिक्सर चालू करायला शिका," थोरली म्हणाली.

सगळे हसले. तीही हसली. पण तो सहज बोललेला शब्द तिच्या जिव्हारी लागला होता. नवरा गुंडा कोपऱ्यात टेकवून निघून गेला. इकडे नव्या सिस्टीमने प्लॉटर आपणहून ओळखला होता. थोरलीला तो ओळखायला लावायलाच त्या काळी अख्खा महिना गेला होता.

धाकटीने सगळ्यात मोठ्या मापाच्या पँटची पुढची बाजू छापायला लावली. प्लॉटर घरघरला. साच्याच्या कोपऱ्यात तपासणीसाठी दहा सेंटिमीटरचा एक चौकोन असतो, तो तिने कागद बाहेर येताच मोजला.

"दहा बाय दहा. बरोबर!"

थोरली मनात हसली. दहा सेंटिमीटरला फरक पडतो तो मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाचा. तो डोळ्यांना दिसत नाही. तो दिसतो मीटरला. हे पुस्तकात नसते, हे नऊ वर्षे बसल्यावर कळते.

कागद सासूबाईंपुढे गेला. त्यांची पद्धत ठरलेली. आधी बोटभर बाहेरून मोकळा कापून घ्यायचा, मग डाव्या हाताने कागद फिरवत रेघेवरून. कात्री थांबत नसे. कापलेल्या कागदाच्या पट्ट्या टेबलाखालच्या खोक्यात पडत. पार्सल बांधताना थोरली त्याच मूठमूठ भरून घाली, म्हणजे साचे हलत नाहीत. सासूबाईंनी साचा कापून टेबलावर पसरला. थोरलीने स्टीलची पट्टी लावली. पँटची लांबी एकशे चार सेंटिमीटर हवी.

"एकशे तीन पूर्णांक सात," ती म्हणाली. आणि मग, आवाज शक्य तितका साधा ठेवून, "तीन मिलिमीटर आखूड."

धाकटीचा चेहरा उतरला. ती धावत आली, स्वतः मोजले, पुन्हा मोजले. "पण चौकोन तर..."

"चौकोनात नाही दिसत ते. मीटरला दिसतं. प्लॉटरचा रूळ झिजलाय, त्यासाठी मी एक आकडा घातला होता. तो गेला ना पुसताना."

"मी विचारलं होतं तुम्हाला, वहिनी."

"विचारलं होतंस. नाही आलं लक्षात. नऊ वर्षांचं काय काय लक्षात ठेवायचं माणसानं? तूच म्हणालीस, गाळ आहे म्हणून."

बोलून झाल्यावर तिला बरे वाटले. अगदी आतून, गार पाणी प्यायल्यासारखे बरे वाटले. धाकटी खालमानेने कागदाकडे बघत होती.

"अगं, थांबा जरा," सासूबाई चाचरत म्हणाल्या. "माझी कात्रीच आत गेली असेल. हात गेला असेल माझा."

"तुमची कात्री आणि चुकेल?" थोरली ताडकन म्हणाली. "आई, तुम्ही तिला पाठीशी घालू नका. माझ्या बाबतीत कधी घातलं होतं का?"

सासूबाईंनी कात्री टेबलावर ठेवली.

थोरलीने खणातून वही काढली, पहिले पान उघडून धाकटीपुढे धरले. कुठली फाइल, कुठली ओळ, सगळे तिला पाठ होते. धाकटीने आकडा घातला आणि तोच साचा पुन्हा छापायला लावला. प्लॉटर पुन्हा घरघरला. कागद बाहेर आला तसा धाकटीने तो सासूबाईंकडे दिला नाही. जमिनीवर पसरला, गुडघे टेकून बसली आणि कापायच्या आधीच छापलेली रेघ मोजू लागली. एकदा हात पोळलेली माणसे करतात तसे.

"वहिनी," ती वर न बघता म्हणाली, "हे एकशे चार पूर्णांक तीन येतंय."

"नीट मोज."

"नीटच मोजलंय. जास्त येतंय आता. तीन मिलिमीटर."

"पट्टी इकडे दे." थोरली खाली बसली. वरच्या कडेला शून्य धरले, पट्टी सरळ नेली, खालच्या रेघेवर नख टेकवले. एकशे चार पूर्णांक तीन. तिने पट्टी उलटी लावून पाहिली. पट्टीला कोणाची बाजू घ्यायची नव्हती. पट्टीने पुन्हा तोच आकडा दाखवला.

मग आधीचा आखूड कसा आला? तिने मान वर केली. सासूबाई दोघींकडे न बघता कात्रीच्या मुठीवरून अंगठा फिरवत होत्या.

थोरलीने टेबलाखालचे खोके ओढले. मघाच्या साच्याच्या पट्ट्या अगदी वर होत्या. बाजूच्या पट्ट्या कोऱ्या होत्या, कडेला काळ्या रेघेचा नुसता धागा. रेघेवरून कापले की राहतो तसा. खालच्या कडेची पट्टी तिने उचलली. तिच्यावर रेघ पूर्ण होती. कडेला नव्हती. दोन्ही बाजूंना पांढरा कागद सोडून आत होती. म्हणजे कात्री रेघेवरून गेलीच नव्हती. रेघेच्या आतून गेली होती.

तिने खोक्यात आणखी खाली हात घातला. गेल्या आठवड्यातल्या पट्ट्या आल्या, गेल्या महिन्यातल्या आल्या, गुंतलेल्या, वळलेल्या. बाजूच्या कोऱ्या. खालच्या कडेच्या सगळ्यांवर रेघ. याच पट्ट्या तिने मुठी भरभरून पार्सलांत कोंबल्या होत्या. एकदाही उलगडून पाहिली नव्हती.

"कधीपासून?" तिने विचारले.

"चार वर्षं होतील," सासूबाई म्हणाल्या. "तू माहेरी होतीस ना, वडील आजारी होते तेव्हा. मशीन बंदच होतं दीड महिना. मग त्या मेकॅनिककडून सगळं साफ करून घेतलं, तेव्हा त्यानं तो रूळही बदलला. नवा घातला."

"हे म्हणाले होते, सर्व्हिसिंग केली म्हणून."

"त्याला काय कळतंय? त्याला वाटतं, रूळ बदलणं म्हणजेच सर्व्हिसिंग." सासूबाईंनी कात्री या हातातून त्या हातात घेतली. "तू आलीस, पहिला साचा छापलास. मला हाताखालीच लांब लागला. रूळ नवा झाला म्हणजे तुझ्या आकड्याची गरज उरली नाही, एवढं मलाही कळतं. अगदीच अडाणी नाही मी."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगणार होते. पण वडील जाऊन तुला पंधरा दिवससुद्धा झाले नव्हते. घास उतरत नव्हता तुझ्या घशाखाली. फक्त इथं बसलीस, ते काळं-पांढरं टाइप करायला लागलीस, की जरा माणसात आल्यासारखी दिसायचीस. त्यात कुठं तुला म्हणू, की बाई, तुझा आकडा चुकतोय? म्हटलं, आठवड्यानं सांगू. मग म्हटलं, महिन्यानं. मग ते राहूनच गेलं. कात्रीला काय, रेघेवरून गेली काय आणि आतून गेली काय."

"चार वर्षं, आई."

"मघाशी आकडा नव्हता, तरी हात सवयीनं आत गेला. म्हणूनच म्हणत होते, माझी कात्री चुकली म्हणून. तू ऐकून घेशील तर ना."

धाकटी तशीच गुडघ्यावर बसून होती, हातातल्या पट्टीकडे बघत. थोरलीच्या मुठीत त्या रेघवाल्या पट्ट्या होत्या. लाज वाटत होती, ती तर वाटतच होती. पण लाजेच्या तळाशी जुनेच दुखणे होते आणि ते आता नेमके कुठे आहे ते तिला सापडले होते.

"हिला सांगता की तोंडावर," ती म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा लहान आला. "हिचं केसभर चुकलं तरी दिवसातून दहादा बोलता. आणि मला चार वर्षांत एकदा नाही?"

सासूबाईंनी तिच्याकडे नवलाने पाहिले. हे असे काही असेल हे त्यांच्या कधी डोक्यातच आले नव्हते.

"अगं, ही रागवत नाही," त्या म्हणाल्या. "तू रागावतेस. आणि रागावलीस की दोन-दोन दिवस बोलत नाहीस. लग्न होऊन आलीस त्या वर्षी एकदा मी म्हटलं होतं, जरा सावकाश बोल. आठवतंय? मंगळवारी म्हटलं होतं. शुक्रवारपर्यंत घर मुकं. मला नाही बाई सोसत ते."

थोरलीला आठवले. तिला वाटत आले होते, की त्या वेळी गप्प राहिली ती सासू.

तिने पट्ट्या खोक्यात टाकल्या आणि धाकटीकडे न बघता म्हणाली, "आकडा काढून टाक. नुसता एक ठेव."

धाकटी उठून कॉम्प्युटरपाशी गेली.

"आणि मघाशी तू विचारलंस ना," थोरली म्हणाली, "तेव्हा माझ्या लक्षात होतं. मुद्दाम सांगितलं नाही."

धाकटीची बोटे थांबली. "माहीत आहे," ती पडद्याकडे बघतच म्हणाली. "खण दोनदा उघडलात तेव्हाच वाटलं मला."

"मग परत का नाही विचारलंस?"

धाकटीने आधी आकडा बदलून एक केला.

"तुम्ही रागावता, वहिनी," ती म्हणाली.

पाठ त्या दोघींनी फिरवली नव्हती, आपणच फिरवली होती, हे थोरलीला एवढ्या वर्षांत आज पहिल्यांदा नीट दिसत होते. ती प्लॉटरपाशी गेली. जुना गुंडा संपत आला होता. नवऱ्याने आणून ठेवलेला नवा तिने उचलला, दांड्यावर चढवला, टोक रुळाखाली सारले आणि खटका खाली केला. हे काम तिने हजारदा केले होते, डोळे मिटूनही केले असते.

"लाव," ती धाकटीला म्हणाली.

"थांब, लावू नकोस!" सासूबाईंचा आवाज असा कडाडला की धाकटी दचकली. "अगं ए, कागद तिरका लावलायस. डोळे कुठं ठेवलेस?"

धाकटीने पाठीमागे पाहिले, कोणाला बोलल्या ते कळायला. त्या तिच्याकडे बघत नव्हत्या. बोलून गेल्यावर त्या स्वतःही जरा घाबरल्या होत्या. कात्री छातीशी धरून उभ्या होत्या आणि त्यांची नजर थोरलीच्या तोंडावरून हलत नव्हती.

थोरलीच्या कपाळावर आठी आली. राग आला होता. अगदी ओळखीचा, तोच. ती वळली, कमरेवर हात ठेवला.

"तुमच्या चष्म्याचा नंबर वाढलाय, आई," ती म्हणाली. "सरळच तर आहे."

"तिरका आहे."

"सरळ आहे."

"खाली वाकून बघ आधी, मग तोंड चालव."

थोरली खाली वाकली. डावी कड धरली, उजवी कड पाहिली. कागद तिरकाच होता, केसभर. तिने खटका वर केला, कागद सोडवला आणि पुन्हा लावायला घेतला.